थोडे लोक, मोठा आवाज: ऑनलाइन द्वेषावरचं संशोधन नेमकं काय सांगतं

कुठल्याही राजकीय पोस्टखालच्या कमेंट्स दहा मिनिटं वाचल्या की असंच वाटतं की सगळे एकमेकांच्या जिवावर उठलेत, आणि मग आपण सरळ बोलून मोकळे होतो की इंटरनेटनं माणसं बिघडवली. हे आपण इतक्या सहज बोलतो की खरंच तसं आहे का, हे बघायचं डोक्यातच येत नाही. पण जगभरातल्या विद्यापीठांत बरेच लोक वर्षानुवर्षं नेमकं हेच तपासत बसलेत, आणि त्यांचं काम बातमीत आलं की त्याची एका ओळीत वाट लागते, म्हणजे आज "यूट्यूब माणसाला अतिरेकी बनवतं" आणि उद्या "अल्गोरिदमचा काही दोष नाही". दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत, आणि मधली जी खरी गोष्ट आहे ती आपल्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटणाऱ्या कामापासून करतो. डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातले अलेक्झांडर बोर आणि मायकल बँग पीटरसन यांनी अमेरिका आणि डेन्मार्क अशा दोन देशांत लोकांचा अभ्यास केला. प्रश्न साधा होता, की एरवी सभ्य असलेला माणूस ऑनलाइन आला की चेहरा दिसत नाही म्हणून सैल सुटतो का? आपल्या सगळ्यांना वाटतं की हो, असंच होत असणार. निघालं वेगळंच. जे ऑनलाइन राजकारणावरून अंगावर येतात ते समोरासमोरच्या राजकीय चर्चेतही तसेच वागतात, आणि ह्या लोकांचं एक ठळक लक्षण म्हणजे त्यांना मान हवा असतो, वरचढ व्हायचं असतं, आणि त्यासाठी दुसऱ्याला दाबायची तयारी असते. म्हणजे स्क्रीनपुढे बसल्यामुळे सभ्य माणूस फिरतो याला फारसा पुरावा मिळाला नाही. मग ऑनलाइन इतकं घाण का वाटतं? कारण तिथे तो माणूस सगळ्यांना दिसतो. चार लोकांत बसून असा कुणी बडबडत असला तर ते चारजण ऐकतात आणि पुढच्या वेळी त्याला टाळतात, ऑनलाइन मात्र त्याचं तेच बोलणं हजारोंपुढे जातं आणि टाळायची सोयच राहत नाही.

याला जोडून दुसरी गोष्ट बघा, ती म्हणजे बोलणारे किती. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन सर्वेक्षण संस्थेनं २०१९ मध्ये दाखवलं की अमेरिकेतल्या ट्विटर वापरणाऱ्या प्रौढांपैकी १० टक्के लोक ८० टक्के ट्वीट्स लिहितात. बाकीचे बहुतेक नुसते वाचतात. त्याच वर्षी सायन्स साप्ताहिकात आलेल्या अभ्यासात २०१६ च्या अमेरिकन निवडणुकीच्या काळातली सोळा हजारांवर ट्विटर खाती तपासली होती, त्यात खोट्या बातम्यांच्या साइट्सच्या जेवढ्या लिंक्स शेअर झाल्या त्यातल्या ८० टक्के फक्त ०.१ टक्का खात्यांनी टाकल्या होत्या. हजारात एक! आणि आपण त्यावरून "लोक आजकाल काहीही पसरवतात" असं म्हणतो. लोक म्हणजे कोण, हा प्रश्न ह्या सगळ्या विषयात पहिला विचारायला हवा असं मला मनापासून वाटतं, कारण हजारातल्या एकाला आपण "समाज" म्हणायला लागलो की उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांबद्दलचं आपलं मत उगाच खराब होतं, आणि ते खराब झालं की आपणही तसंच बोलायला लागतो.

बरं, पण हे मोजतात कसं? इथे सगळा विषय किचकट होतो, आणि इथेच जास्त वेळ घालवायला हवा, कारण आकडा कुठून आला हे कळलं नाही तर त्याचा काही उपयोग नाही.

आधी व्याख्या. अतिरेकी कुणाला म्हणायचं? नुसतं टोकाचं मत म्हणजे अतिरेक असं धरलं तर बायकांना मताचा हक्क द्या म्हणणारेसुद्धा त्यांच्या काळात अतिरेकीच ठरतात. म्हणून अभ्यासक वेगळी रेघ मारतात. उजव्या राजकारणाचा अभ्यास करणारे डच अभ्यासक कास मुडे दोन गट पाडतात, एक जो लोकशाहीच मानत नाही, आणि दुसरा जो निवडणुका मानतो पण अल्पसंख्याकांचे हक्क, स्वतंत्र न्यायालयं वगैरे लोकशाहीची जी बाकीची अंगं आहेत त्यांच्या विरोधात जातो. अमेरिकन अभ्यासक जे. एम. बर्जर वेगळीकडून येतात, त्यांचं म्हणणं असं की "आपला गट टिकायचा असेल तर समोरच्या गटाविरुद्ध काहीतरी वाईट केल्याशिवाय पर्याय नाही" हा विश्वास म्हणजे अतिरेक, मग तो गट कुठल्याही रंगाचा असो. मला ही दुसरी व्याख्या वापरायला सोपी वाटते कारण ती कुठल्याही बाजूला लावून बघता येते, आपल्या स्वतःच्या बाजूलाही.

द्वेषपूर्ण बोलण्याचंही तसंच. शिवी म्हणजे द्वेष नाही, आणि एकही शिवी नसलेलं वाक्य भयंकर द्वेषाचं असू शकतं. सुझन बेनेश यांनी तर "घातक बोलणं" असा वेगळा विचार मांडला, ज्यात फक्त शब्द बघायचे नाहीत, बोलणारा कोण, ऐकणारे कोण, परिस्थिती काय, कुठल्या माध्यमातून बोललं जातंय हे सगळं बघायचं, कारण तेच वाक्य दंगलीच्या उंबरठ्यावर मोठ्या नेत्यानं म्हटलं तर माणसं मरू शकतात आणि कुणी विचारत नसलेल्या खात्यावरून आलं तर हवेत विरून जातं.

आता हे सगळं कॉम्प्युटरला शिकवायचं. कोट्यवधी पोस्ट माणसं वाचू शकत नाहीत, म्हणून आधी काही हजार पोस्ट माणसांकडून तपासून घेतात, प्रत्येकीवर लेबल लावून घेतात, आणि मग मॉडेलला, म्हणजे उदाहरणं बघून शिकणाऱ्या प्रोग्रामला, ते दाखवतात की बाबा अशी असली की द्वेष, अशी असली की नाही. लेबल लावणारा माणूस म्हणजे बहुतेकदा ऑनलाइन काम करून पोस्टमागे अगदी थोडे पैसे मिळवणारा कुणीतरी. त्याच्यापुढे एक ट्वीट येतं, आगामागा काही नाही, कुणी कुणाला म्हटलं ते माहीत नाही, खाली तीन पर्याय: द्वेष, नुसती शिवीगाळ, दोन्ही नाही. तो एक दाबतो आणि पुढचं ट्वीट येतं. असं शेकडो वेळा. ज्या "८५ टक्के अचूक" वगैरे मॉडेलच्या बातम्या आपण वाचतो त्यांचा पाया हा आहे.

२०१७ मध्ये थॉमस डेव्हिडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच केलं. द्वेषाच्या शब्दांची एक मोठी यादी घेतली, ते शब्द असलेली जवळजवळ २५,००० ट्वीट्स काढली आणि प्रत्येक किमान तीन जणांना दाखवलं. म्हणजे मुद्दाम वाईट शब्दांचीच ट्वीट्स निवडलेली, तरी बहुमतानं "द्वेष" ठरली ती फक्त ५ टक्के, आणि ज्यांवर सगळ्यांचंच एकमत झालं ती १.३ टक्के. बाकीचा बराचसा भाग नुसती शिवीगाळ, मित्रामित्रांतली भाषा, गाण्यांच्या ओळी. म्हणजे शब्दांची यादी घेऊन पोस्ट उडवायला निघालं की काय होतं ते ह्यातून दिसतं. आणि त्यांच्या मॉडेलनं खऱ्या द्वेषाच्या ट्वीट्सपैकी सुमारे ४० टक्के चुकीच्या खान्यात टाकली.

याहून मनाला लागणारी गोष्ट २०१९ मध्ये पुढे आली. मार्टेन सॅप आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कृष्णवर्णीय अमेरिकन लोक आपापसात ज्या बोलीत लिहितात त्या बोलीतली ट्वीट्स आक्षेपार्ह ठरण्याची शक्यता दुपटीपर्यंत जाते. कारण सोपं आहे, लेबल लावणाऱ्याला ती बोली आपली नाही, त्याला ती उर्मट वाटते, मॉडेल तेच शिकतं, आणि ज्यांना द्वेषापासून वाचवायचं त्यांच्याच पोस्ट उडतात. त्याच टीमनं लेबल लावणाऱ्यांना आधी सांगून बघितलं की हे ट्वीट अमुक बोलीतलं असू शकतं, तर आक्षेपार्ह ठरवण्याचं प्रमाण खाली आलं. म्हणजे एक छोटी सूचना दिली तरी फरक पडतो, मग ती सूचना न देता बनवलेल्या सगळ्या डेटासेटचं काय, हा प्रश्न आहेच.

मॉडेल अजून कुठे अडखळतं ते बघायला २०२१ मध्ये हेटचेक नावाची एक चाचणी आली, २९ प्रकारच्या वाक्यांची. कुणी लिहिलं की "मला आज रस्त्यात अमुक म्हणून हिणवलं", तर त्यात तो शब्द आहे म्हणून मॉडेल त्या बिचाऱ्या माणसालाच द्वेष करणारा ठरवतं. कुणी द्वेषाला उत्तर देताना मूळ वाक्य उद्धृत केलं तरी तेच. आणि उलट बाजूला खरे द्वेष करणारे शब्दच टाळतात. २०१६ च्या सुमारास अमेरिकेतल्या वंशवादी गटांनी ज्यू लोकांच्या नावाभोवती तीन-तीन कंस टाकायची खूण पसरवली, नाव साधं, शिवी नाही, पण ज्यांना खूण माहीत आहे ते त्या माणसावर तुटून पडायचे. हे कळून कारवाई सुरू होईपर्यंत खूण बदललेली असते, म्हणून हे काम कधी संपतच नाही.

आणि भाषा! हे सगळं संशोधन मुख्यतः इंग्रजीतलं आहे आणि त्याची किंमत बाकीचे मोजतात. म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्ध फेसबुकवर वर्षानुवर्षं विष पसरत होतं, बर्मी भाषा येणारी माणसं कंपनीकडे अगदीच तोकडी होती, आणि आपल्या प्लॅटफॉर्मचा हिंसा भडकवायला वापर होऊ नये म्हणून आपण पुरेसं केलं नाही हे कंपनीनं नोव्हेंबर २०१८ मध्ये मान्य केलं, तोवर लाखो लोक देश सोडून पळाले होते.

आता एक गणित, जे मला वाटतं प्रत्येकाला माहीत हवं, कारण "एआय लावून अतिरेकी आधीच ओळखा" ही मागणी दर हल्ल्यानंतर होते. समजा १० लाख लोक आहेत आणि त्यात खरोखर हिंसा करतील असे १००. समजा तुमच्याकडे ९९ टक्के अचूक यंत्र आहे, जे प्रत्यक्षात कुणाकडेच नाही. ते १०० पैकी ९९ पकडेल, छान. पण उरलेल्या ९,९९,९०० निरपराध लोकांपैकी १ टक्का चुकेल, म्हणजे ९,९९९ लोक. यादीत एकूण १०,०९८ नावं आणि त्यात खरे ९९, म्हणजे यादीतल्या दर शंभरातले नव्व्याण्णव लोक निर्दोष. यंत्र वाईट आहे म्हणून असं होत नाही, गोष्ट दुर्मिळ आहे म्हणून होतं, यंत्र कितीही सुधारा, दुर्मिळ गोष्ट शोधताना हा प्रश्न राहतोच. त्यात भर म्हणजे मानसशास्त्रज्ञ क्लार्क मॅक्कॉली आणि सोफिया मोस्कालेंको सांगतात की विचार जहाल होणं आणि कृती जहाल होणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जहाल विचाराचे बहुसंख्य लोक कधीच काही करत नाहीत आणि काही करणारे कधीकधी विचारानं फारसे जहाल नसतातच, मित्रासाठी, सूडापोटी नाहीतर थरारासाठी ओढले जातात. मग कुणाची पोस्ट बघून तो उद्या काय करेल हे सांगणं किती अवघड आहे बघा.

यूट्यूबचं काय मग? इथे दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचायला हवेत. २०२० मध्ये मनोएल होर्टा रिबेरो आणि सहकाऱ्यांनी ३४९ चॅनेल्स, तीन लाखांहून जास्त व्हिडिओ आणि ७ कोटींहून जास्त कमेंट्स तपासून दाखवलं की सौम्य चॅनेलखाली कमेंट करणारे बरेच लोक काही वर्षांनी जहाल चॅनेलखाली कमेंट करताना सापडतात. बातमी झाली की यूट्यूब लोकांना खोल विहिरीत ढकलतं. पण ते लोक शिफारशीमुळे गेले की स्वतःहून, हे कमेंट्सवरून कळत नाही. २०२३ मध्ये दुसऱ्या टीमचा अभ्यास आला, त्यांनी २०२० मध्ये हजारावर अमेरिकन लोकांच्या परवानगीनं त्यांच्या ब्राउझरमधूनच नोंद घेतली होती की कोण काय बघतं आणि कुठून तिथे पोचतं. अतिरेकी चॅनेल बघणारे अगदी थोडे निघाले, ते बहुतेक आधीच सबस्क्राइब केलेले किंवा बाहेरच्या लिंकवरून आलेले, आणि ज्यांच्या मनात स्त्रियांबद्दल आणि दुसऱ्या वंशाबद्दल राग आधीच होता असेच जास्त. साध्या माणसाला यूट्यूबनं उचलून तिथे नेलं असं क्वचितच दिसलं.

म्हणजे यूट्यूब निर्दोष? तसं नाही म्हणता येत. कंपनीनं २०१९ मध्येच शिफारशींचं सूत्र बदललं होतं, आणि दुसरा अभ्यास बदलानंतरचा आहे, आधी काय होतं ते आता मागे जाऊन मोजता येत नाही. शिवाय आधीच राग असलेल्या माणसाला रोज खुराक मिळत राहणं ही काही लहान गोष्ट नाही.

फीडबद्दलही, म्हणजे ॲप उघडलं की समोर येणाऱ्या पोस्टच्या रांगेबद्दलही, असंच उलटसुलट आहे. २०२१ मध्ये स्टीव्ह रॅथ्जे आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या माध्यमांच्या आणि खासदारांच्या सुमारे २७ लाख पोस्ट बघितल्या, तर विरोधी गटाचा उल्लेख करणाऱ्या प्रत्येक शब्दामागे पोस्ट शेअर होण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी वाढत होती. स्वतःच्या पक्षाबद्दल चांगलं बोलून काही मिळत नाही, समोरच्याला झोडलं की मिळतं, आणि नेत्यांना हे न सांगता कळतं. पण मग २०२० च्या निवडणुकीच्या वेळी फेसबुकची मालक कंपनी मेटाबरोबर मिळून संशोधकांनी फेसबुकवर २३,००० हून जास्त लोकांच्या फीडमधली आपल्याच विचारांची सामग्री साधारण एक तृतीयांश कमी करून बघितली, तर लोकांच्या मतांत काहीच मोजण्यासारखा बदल झाला नाही. दुसऱ्या एका प्रयोगात फीड नुसती वेळेच्या क्रमानं लावली, तिथेही मतं हलली नाहीत. मात्र त्या दुसऱ्या प्रयोगावर २०२४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी आक्षेप घेतला की त्याच काळात कंपनीनं नेहमीच्या फीडमध्येही तात्पुरते आणीबाणीचे बदल केले होते, म्हणजे तुलना ज्या फीडशी केली तीच नेहमीची नव्हती. तीन महिन्यांत माणसाचं राजकीय मत बदलेल अशी अपेक्षाही मला जरा जास्तच वाटते.

उपाय काय चालतात याबद्दल थोडी माहिती आहे आणि ती निराश करणारी नाही. रेडिट या चर्चेच्या साइटनं २०१५ मध्ये दोन द्वेषाचे गट बंद केले, तेव्हा सगळ्यांना वाटलं हे लोक दुसरीकडे जाऊन तेच करतील, पण अनेकजण साइट सोडून गेले आणि जे राहिले त्यांची द्वेषाची भाषा किमान ८० टक्क्यांनी कमी झाली. मात्र नंतर दुसऱ्या बंद गटांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की जे लोक स्वतःची वेगळी साइट काढून गेले ते संख्येनं कमी झाले, पण त्यातल्या एका गटाची भाषा आणखी जहाल झाली. प्लॅटफॉर्म स्वच्छ होतो, तिकडे उरलेला मूठभर गट कडवा होतो, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

समजावून काही होतं का? केविन मंगर यांनी ट्विटरवर वंशवादी शिवी देणाऱ्या गोऱ्या पुरुषांना बॉट, म्हणजे स्वतः चालवलेल्या बनावट, खात्यांवरून एक साधी समज दिली, की तुझ्या बोलण्यानं खऱ्या माणसांना त्रास होतो. समज देणारं खातं गोऱ्या माणसाचं आणि बऱ्याच फॉलोअरचं असलं तरच शिव्या लक्षणीय कमी झाल्या. म्हणजे आपल्यातलाच, वजन असलेला कुणी बोलला की ऐकतात. २०२१ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी १,३५० ट्विटर वापरणाऱ्यांवर तीन प्रकारची उत्तरं वापरून बघितली, विनोद, परिणामांचा इशारा, आणि ज्याच्याबद्दल बोलतोय त्याला काय वाटत असेल ह्याची आठवण. विनोद आणि इशाऱ्याचा ठोस परिणाम नाही, तिसऱ्याचा झाला, काहींनी आपली जुनी ट्वीट्ससुद्धा काढून टाकली. परिणाम लहान होता, पण होता, आणि आपण कमेंटमध्ये नेमकं उलटं करतो, टोमणे मारतो नाहीतर धमकी देतो.

ह्या सगळ्या कामाची सध्याची मोठी अडचण म्हणजे डेटा. ट्विटरनं (म्हणजे आताच्या एक्सनं) २०२३ मध्ये डेटा मोफत घेण्याची सोय बंद केली, मेटानं कुठल्या पोस्ट किती पसरतात ते दाखवणारं क्राउडटँगल हे साधन १४ ऑगस्ट २०२४ ला बंद केलं, आणि बंद मेसेजिंग ग्रुपमध्ये तर बाहेरच्याला काही दिसतच नाही, तिथे लोकांनी स्वखुशीनं दिलेला डेटाच काय तो मिळतो. काही संशोधकांनी यातून वाट काढली. अमेरिकेतल्या २०२४ च्या निवडणूक प्रचारात एका टीमनं कंपनीला न विचारताच, फक्त लोकांच्या संमतीनं, त्यांच्या ब्राउझरमध्ये एक एक्स्टेन्शन, म्हणजे छोटा जोड-प्रोग्राम, बसवलं, जे एक्सच्या फीडमधल्या विरोधी पक्षाबद्दल वैरभाव पेटवणाऱ्या पोस्ट ओळखून काहींच्या फीडमध्ये खाली ढकलायचं, काहींच्या वर आणायचं. साडेबाराशेच्या आसपास लोक, १० दिवस. ज्यांच्या फीडमध्ये अशा पोस्ट खाली गेल्या त्यांच्या मनात समोरच्या पक्षाबद्दल १०० पैकी साधारण २ गुणांनी जास्त आपुलकी आली, वर आणलेल्यांत तेवढीच कमी झाली. पोस्ट एकही डिलीट केली नव्हती, फक्त क्रम बदलला होता.

पण असं एक्स्टेन्शन कॉम्प्युटरच्या ब्राउझरवर चालतं, आणि लोक स्क्रोल करतात ते बहुतेक फोनवरच्या ॲपमध्ये, तिथे कंपनीच्या मर्जीशिवाय आत जायला वाट नाही. युरोपच्या डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टमधल्या ४० व्या कलमात महिन्याला ४.५ कोटींहून जास्त युरोपीय वापरकर्ते असलेल्या प्लॅटफॉर्मनी पात्र संशोधकांना डेटा द्यायची सक्ती आहे, बाकीच्या बहुतेक जगात आज अशी सक्ती नाही, आणि तिथल्या फोनमध्ये काय चाललंय ते फक्त कंपनीलाच दिसतं.